घरचा कॅप्टन

"अरे, सँटोरिनीवर पाय देऊ नको!" जुईली ओरडली.

सौमित्रने दचकून पाय उचलला आणि थेट नाक्सोस बेटावर ठेवला.

"आता नाक्सोस बुडवलं यानं!" धम्मदीप पोट धरून हसायला लागला.

ग्रीसचा भला मोठा नकाशा हॉलमध्ये जमिनीवर पसरला होता. कुलरच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर दह्यातल्या गिल्या वड्याचं पातेलं ठेवलं होतं, दुसऱ्यावर बाबांचं कायद्याचं जाडजूड पुस्तक. बाकीचे दोन कोपरे सौमित्र आणि धम्मदीपने बसून दाबायचे होते. पण एका जागी बसेल तो सौमित्र कसला!

बाहेर अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन रस्त्यावरचं डांबर वितळवत होतं. आत मात्र सगळे समुद्रावर होते. जुईलीचे बाबा, मनोजराव, म्हणजे कोर्टातले नावाजलेले वकील. यंदा त्यांनी ठरवलं होतं, सिमला नको, मनाली नको. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ग्रीसला जायचं, शिडाची नौका भाड्याने घ्यायची आणि आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं! जुईली आणि तिचे आईबाबा, अकोल्याची कुंदामावशी, कमलाकांत मावसाजी आणि त्यांचा मुलगा सौमित्र. आणि या सगळ्यांना घेऊन जाणारा शुभंकरमामा!

शुभंकरमामा मोठ्या जहाजावर नोकरीला होता. वर्षातून एकदा दोनदा यायचा. येताना परदेशी चॉकलेटं आणायचा आणि वादळांच्या, देवमाशांच्या, अटलांटिकवरच्या चांदण्यांच्या गोष्टी सांगायचा. तेरा वर्षांच्या जुईलीसाठी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक शुभंकरमामा आणि दुसरी उरलेली सगळी. मोठेपणी आपणही जहाजावर जायचं, हे तिचं केव्हाच ठरलं होतं.

"नावेसोबत कॅप्टन हवा का, असं ती कंपनी विचारून राहिली," लॅपटॉपमध्ये बघत बाबा म्हणाले. "मी कळवलं, बिलकुल नको! घरचा कॅप्टन असताना परका कशाला?"

दिवाणावर बसलेला मामा हसला.

"शुभंकर, पारोसहून नाक्सोसला किती वेळ लागेल रे?"

"ते वाऱ्यावर अवलंबून, भाऊजी."

"आणि मुक्काम बंदरात करायचा, की खाडीत नांगर टाकून?"

"तेही वाऱ्यावरच."

"बरं, तुझ्या लायसन्सचा फोटो मागतात ते."

वड्याकडे गेलेला मामाचा हात क्षणभर थांबला. "ते कंपनीत जमा असते. पाठवतो मी."

"सावकाश पाठव! घाई नाही," बाबा म्हणाले. कोर्टात समोरच्याचं नावसुद्धा कागद पाहिल्याशिवाय खरं न मानणारे बाबा!

सौमित्र जुईलीच्या कानाशी लागला. "वडा तिखट आहे काय, विचार त्याला. तेही वाऱ्यावर अवलंबून असेल!"

जुईलीने त्याला असा चिमटा काढला, की नकाशाचा कोपरा पुन्हा उडाला.

त्या रात्री उकाड्यामुळे सगळे गच्चीवर झोपले होते. शेजारचा धम्मदीपही आपली चटई घेऊन आला होता. पहाटे उजाडता उजाडता जुईलीला जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्याने. पाण्याच्या टाकीमागून बारीक आवाज येत होता. तिने पाहिलं, तर सौमित्र आणि धम्मदीप आधीच टाकीला चिकटून उभे! सौमित्रने ओठांवर बोट ठेवून तिला जवळ बोलावलं.

टाकीपलीकडे मामा उकिडवा बसला होता. हातात मोबाईल. त्यातून कुणीतरी उत्साहात बोलत होतं, "नमस्कार दोस्तों! आज हम सीखेंगे, नाव के अगले हिस्से को क्या कहते हैं..."

मामा ओठ हलवत ते शब्द पाठ करत होता.

तिघं मांजराच्या पावलांनी खाली आले. जिन्यात पोचल्यावर सौमित्रला राहवेना. "ऐकलं? नावेचा पुढचा भाग! जहाजावरच्या माणसाले हे माहीत नाही?"

"मोठ्या जहाजांना शिडं नसतात, शहाण्या!" जुईली फणकारली. "शिडाची नाव वेगळी असते. तो उजळणी करून राहिला."

"अन् दिवाळीत ब्राझीलहून व्हिडिओ कॉल केला, तवा मागं 'गरम वडापाव' काहून ऐकू आलं?"

"जहाजावर मुंबईची माणसं नसतात काय?"

"ब्राझीलमंदी वडापाव विकतात?"

"जुई," धम्मदीप शांतपणे म्हणाला. तो जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेत पदकं मिळवणारा मुलगा होता, आणि उगाच बोलायची त्याला सवय नव्हती. "भांडून काय होणार? पाण्यावर नेऊन पाहू त्याले. पाण्यावर सगळं समजते."

"चला!" जुईली ताडकन म्हणाली. "मीच बाबांना सांगते. मग मात्र तुम्ही दोघं मामाची माफी मागायची. कान धरून!"

बाबांना ही कल्पना भलतीच आवडली. "सराव! वा! कॅप्टनसोबत पोरांचा सराव!" त्यांनी लगेच मावसाजींना अकोल्याहून बोलावून घेतलं. शनिवारी सकाळी परतवाड्याच्या बाजाराला वळसा घालून त्यांची जीप सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका धरणावर पोचली. काठावर मासेमारांच्या लाकडी होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. ओळखीच्या माणसाकडून बाबांनी त्यातली एक मागून घेतली.

"इथं शिडं नाहीत, भाऊजी. इथं काय सराव होणार?" मामा दोनदा म्हणाला.

"अरे, वल्ही तर आहेत! जा, एक चक्कर मारून आण पोरांना. तोवर आम्ही रोडगे टाकतो," असं म्हणून बाबा आणि मावसाजी झाडाखाली गोवऱ्या पेटवायला लागले. लाईफ जॅकेट हा शब्दही कुणाच्या तोंडात आला नाही.

धम्मदीपला मात्र तो आठवला होता. त्याने घरून तेलाचे रिकामे, घट्ट झाकणांचे प्लास्टिकचे डबे दोरीला बांधून आणले होते. "प्रत्येकानं एक कमरेला बांधा," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी हात पुढे आला तो मामाचा. त्याने डबा कमरेला बांधला. गाठ मारली, परत मारली, ओढून पाहिली. सौमित्रने जुईलीकडे पाहिलं. जुईलीने मान फिरवली.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. वल्ही धम्मदीपच्या हातात होती. पाणी आरशासारखं होतं आणि मामा होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून बसला होता. "मामा, तू चालव न!" जुईली म्हणाली. "तुम्हीच चालवा. मी बघतो," तो म्हणाला.

ते बऱ्याच आत गेले आणि अचानक ऊन विझलं. डोंगराच्या बाजूने तांबूस धुळीची भिंतच्या भिंत पाण्यावर चालून येत होती.

"वावधन सुटलं!" सौमित्र किंचाळला.

वारा आला तो धडक मारूनच. होडी गर्रकन फिरली. लाटा आडव्या येऊन कडेवरून आत कोसळायला लागल्या. एक वल्हं धम्मदीपच्या हातातून निसटलं, त्याने झेप घेऊन ते पकडलं आणि त्याच झटक्यात होडी एका बाजूला कलली.

"मामा! काय करायचं? मामा, सांग न!"

जुईलीने वळून पाहिलं. मामा होडीच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. डोळे घट्ट मिटलेले, बोटं फळीत रुतलेली.

"मले पोहता येत नाही, जुई," तो पुटपुटत होता. "मले पोहता येत नाही."

जुईलीच्या आत काहीतरी तुटलं. पण त्याकडे बघायला त्या वेळी सवड नव्हती. एक मोठी लाट कडेवर आदळली. जुईलीने वाचलं होतं, कितीतरी वेळा वाचलं होतं, की होडी लाटेला आडवी सापडता कामा नये, तिचं तोंड लाटेकडे हवं.

"धम्मदीप, तोंड वाऱ्याकडे! उजवं वल्हं मार, फक्त उजवं! सौमित्र, एक डबा काप आणि पाणी उपस!"

"कशानं कापू?"

"दातानं काप, पण काप!"

सौमित्रने खिशातला छोटा चाकू काढला आणि स्वतःच्या कमरेचा डबा सोडून कापला. जुईलीने दुसरं वल्हं हातात घेतलं. तळहातांना फोड आले आणि ते फुटलेही. किती वेळ गेला कोण जाणे! वारा आला तसाच अचानक निघून गेला, तेव्हा होडी दुसऱ्याच काठाला, बाभळीच्या बुंध्यांमध्ये अडकली होती. तिघं चिखलात उतरले आणि तिथेच मटकन बसले.

मामा सगळ्यांत शेवटी उतरला. त्याने कमरेचा डबा सोडला, केस नीट केले आणि काठाकाठाने चालायला लागला.

झाडाखाली बाबा आणि मावसाजी धुळीने माखलेले रोडगे झटकत बसले होते. वादळात त्यांना धुळीपलीकडचं काहीच दिसलं नव्हतं.

"काय कॅप्टन!" मामाला पाहताच बाबा ओरडले. "ऐन वादळात पोरांची परीक्षा घेतली वाटतं! स्वतः हात नाही लावला न?"

मामा थांबला. जुईली त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता सांगेल. आता सांगेलच.

"नाही लावला," मामा म्हणाला. "पास झाली पोरं."

"याला म्हणतात शिक्षण!" मावसाजी म्हणाले. ते कॉलेजात प्राध्यापक होते.

जुईलीने त्या दिवशी रोडग्याला हात लावला नाही. सगळे जेवत असताना ती जीपच्या मागे जाऊन बसली. थोड्या वेळाने मामा तिथे आला.

"कधीपासून खोटं बोलून राहिलास?" तिने विचारलं.

मामा बुटाने माती उकरू लागला. मग बोलला, तेही शहरी बोलणं सोडून, आजोळच्या धामणगावच्या बोलीत.

"नोकरी लागली म्हणून गल्लीनं हार घातले होते मले. बँड लावला होता. मुंबईले गेलो, तं त्या कंपनीच्या हापिसाले कुलूप. माह्यासारखे कितीतरी पोरं रस्त्यावर बसून रडत होते. मी कोणत्या तोंडानं परत येऊ? उरणले एका गोदामात लागलो. कंटेनर मोजतो. आजही तेच करून राहिलो."

"आणि ग्रीसला काय करणार होतास? आम्हाला सगळ्यांना घेऊन?"

"मले वाटलं, काहीतरी होईल अन् राहून जाईल जाणं. व्हिसा मिळणार नाही. नाहीतर भाऊजीचा मूड बदलेल."

"आणि लायसन्स?"

मामाने मान खाली घातली. "ते बनवून देणारा एक माणूस आहे."

इतका वेळ जुईलीला त्याची कीव येत होती. ती एका क्षणात आटली. ती आडवी लाट तिला आठवली. मग त्या लाटेच्या जागी समुद्र आला, त्यात आई, कुंदामावशी, पोहता न येणारे मावसाजी, आणि तळाशी डोळे मिटून पडलेला त्यांचा कॅप्टन.

"तू सांग त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन."

"उद्या अकोल्याले सगळे जमणारच आहेत. तिथं सांगतो. तुही शपथ!"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला कुंदामावशीकडे आमरसाचं जेवण झालं. मग बाबांनी लॅपटॉप उघडला. आज नाव पक्की करायची होती. जुईली मामासमोर बसली. मामा पाणी प्यायला. त्याने मोबाईल पाहिला. पुन्हा पाणी प्यायला. मग तो म्हणाला, "भाऊजी, चार खोल्यांचीच नाव घ्या. हाताळायला सोपी असते."

सौमित्रने जुईलीला कोपराने ढोसलं. रात्री फोनवर तिघांनी एक युक्ती ठरवली होती. मामाने तोंड उघडलं नाही, तर त्याचा मान राखून त्याला सोडवायचं. धम्मदीप अमरावतीलाच होता, पण युक्ती त्याचीच होती.

"बाबा," जुईली म्हणाली, "मामा वर्षभर जहाजावरच असतो. सुट्टीतही त्यानंच नाव चालवायची? तिथला कॅप्टन घेऊ न! मामाही आपल्यासोबत मजा करेल."

"हो न!" सौमित्र म्हणाला. "तिथल्या माणसाले तिथलं पाणी माहीत असते!"

"वा रे वा!" कुंदामावशी म्हणाली. "सख्खा भाऊ कॅप्टन असताना परक्याच्या हाती पोरं देऊ? मी तर कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं, माझा भाऊ नेऊन राहिला आम्हाला!"

"शुभंकरचा अपमान होईल तो," आई म्हणाली. "काय रे, शुभंकर?"

सुटायची वाट समोर उघडी होती. नुसतं हो म्हणायचं होतं. मामाने कुंदामावशीच्या कौतुकाने फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"मी चालवतो न, ताई," तो म्हणाला. "मले काय त्रास!"

"झालं मग!" बाबांनी बोट उचललं. "करतो पक्कं!"

"मामाला पोहता येत नाही."

जुईली हे ओरडली नाही. पण खोलीत कुलरचा आवाज तेवढा उरला.

"काय बोलतेस?" बाबा हसले. हसताना त्यांचं बोट हवेतच होतं. "अगं, तो जहाजावर..."

"तो कधीच जहाजावर नव्हता, बाबा. काल वादळात होडी आम्ही आणली. तो तळाशी पडला होता. विचारा त्याला."

सगळे मामाकडे वळले. त्याने एकदा जुईलीकडे पाहिलं. ती नजर तिला फार दिवस विसरता येणार नव्हती. मग तो म्हणाला, "खरं आहे."

पुढचा तासभर घरात जे झालं, ते जुईलीला नको नको झालं. बाबांनी कोर्टातल्या आवाजात मामाची उलटतपासणी केली. बनावट लायसन्सचा विषय निघाला तेव्हा मावसाजी "गुन्हा! हा गुन्हा आहे!" असं म्हणत येरझारा घालू लागले. कुंदामावशी रडली, आणि रडतारडता म्हणाली, "आता कॉलनीत काय सांगू मी?" आई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मामा भिंतीला टेकून उभा होता, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा.

आणि मग सगळ्यांना एकदम मुलं आठवली!

"अरे, पण पोरं पहा आपली!" मावसाजी म्हणाले. "आपण एवढे शिकलेले, आणि ओळखलं कोणी? पोरांनी!"

"सगळ्यांचे जीव वाचवले," मावशी डोळे पुसत म्हणाली. "माझी वाघीण ती! आणि माझा सौमित्र! आणि त्या धम्मदीपला फोन लावा आधी."

"धरणात होडी सांभाळली, इथं माणूस पकडला! शाब्बास!" बाबांनी जुईलीची पाठ थोपटली.

आईस्क्रीम मागवलं गेलं. सौमित्रचा चमचा वाटीतच फिरत होता. आईस्क्रीम संपायच्या आत बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाले, "तर मग कॅप्टन तिथलाच घेऊ. आणि नावेवर शुभंकरच्या खोलीत आता सौमित्र एकटा झोपेल. की आणखी कुणाला विचारायचं?"

मामा तेव्हा तिथेच, समोर भिंतीपाशी होता.

"मला नाही यायचं ग्रीसला," जुईली म्हणाली.

"थकली आहे ती," कोणीतरी म्हणालं.

मामाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. त्याला सोडायला कुणीच निघालं नाही. जुईलीने हट्ट धरला म्हणून बाबांनी गाडी काढली, आणि अकोला स्टेशनवर ते पेपर घेऊन लांबच्या बाकावर बसले. फलाटावर ऊन मी म्हणत होतं. मामाजवळ एकच पिशवी होती.

जुईलीला खूप काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "रागावलास माझ्यावर?"

मामा रुळांकडे पाहत राहिला.

"हो," तो म्हणाला. "लई."

तिला वाटलं होतं तो नाही म्हणेल. गोष्टींमध्ये असंच असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नजर खाली घेतली नाही.

"पुन्हा तशीच वेळ आली, तर पुन्हा सांगेन," ती म्हणाली.

"माहीत आहे," मामा म्हणाला. गाडी आली. तो गर्दीतून आत घुसला. खिडकीशी त्याला जागा मिळाली नाही, त्यामुळे हात हलवायचा प्रश्नच आला नाही.

गाडी गेल्यावर बाबा आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नको. तू जे केलंस, त्याचा मला अभिमान आहे. मोठ्यांना जमलं नाही ते केलंस."

"बाबा, मामा मुंबईत राहतो कुठं?"

"तिकडंच कुठंतरी. त्या उरणकडं असेल."

"जेवतो कुठं? खोलीवर कोण आहे त्याच्यासोबत?"

बाबा घड्याळाकडे पाहू लागले.

"इतक्या वर्षांत आपण कुणी त्याच्याकडं गेलो होतो? एकदा तरी? कुणी विचारलं होतं त्याला काही?"

बाबांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. ते काहीतरी म्हणणार होते, असं जुईलीला वाटलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ग्रीसहून आहे," ते तिला म्हणाले, आणि मग फोनमध्ये मोठ्याने, "येस, येस! वी नीड अ कॅप्टन!"

बोलत बोलत ते जिन्याकडे चालू लागले. जुईली मोकळ्या फलाटावर उभी राहिली. ते वळून बघतील म्हणून तिने वाट पाहिली, आणि मग एकटीच पाण्याच्या नळापाशी जाऊन तोंड धुतलं.